धूर जाळणारी जाळी आणि तिच्या राखेचा हिशेब

५४० ते ६५० अंश सेल्सिअस. लाकडाच्या धुराला आपोआप पेट घ्यायला साधारण एवढे तापमान लागते. तोच धूर पॅलेडियम आणि प्लॅटिनमचा लेप दिलेल्या जाळीतून नेला, तर तो २६० ते ३१५ अंशांवरही पेटतो. वुड स्टोव्हमधल्या कॅटॅलिटिक कंबस्टरचे सगळे काम या तीनशे-एक अंशांच्या फरकात आहे. रात्री ओंडके भरून हवा कमी केलेली शेगडी नेमकी या दोन तापमानांच्या मधे असते. धूर भरपूर असतो, पण तो जाळण्याइतकी धग नसते. ही जाळी तो धूर जाळते आणि धुराड्यातून वाया जाणारी उष्णता खोलीत आणते.

ही जाळी राखेने भरली की शेगडी मंदावते, दार उघडताच धूर घरात येतो, आणि ‘कॅट गेला’ असे म्हणून दोन-चारशे डॉलरचा नवा कंबस्टर मागवला जातो. मागवण्याआधी चार आकडे पाहावेत, एवढेच मला कळकळीने सांगायचे आहे: आतापर्यंत जळालेले तास, जाळीजवळचे तापमान, लाकडातली ओल आणि भोकांचे उरलेले माप. हे चार आकडे हातात असले की जाळी खरोखर संपली आहे, नुसती तुंबली आहे, की दोष तिचा नाहीच, हे घरबसल्या कळते.

महाराष्ट्रात या यंत्राची कुणाला गरज नाही. पण न्यू इंग्लंडमध्ये, कॅनडाच्या सीमेलगत, डोंगराळ भागात घरे घेतलेली मराठी कुटुंबे आता पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकांना घरासोबत अशी शेगडी आयती मिळते. व्हरमाँटमध्ये सहा-सात घरांपैकी एक घर मुख्यतः लाकडावर तापते. डिसेंबर २००८ मधल्या बर्फवादळात एकट्या न्यू हॅम्पशायरमध्ये चार लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि काहींची दोन आठवड्यांपर्यंत आली नाही. विजेशिवाय चालणारी शेगडी तिथे हौसेची गोष्ट राहत नाही.

ही जाळी शेगडीत आली कशी, हे थोडक्यात. १९७३ आणि १९७९ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत लाकडाच्या हवाबंद शेगड्यांची लाट आली. हवा कमी करून रात्रभर धुमसत ठेवता येणारी शेगडी लोकांना हवी होती. पण वाळलेल्या लाकडाच्या वजनातला ७५ ते ८० टक्के भाग तापल्यावर वायू आणि वाफांच्या रूपाने बाहेर पडतो. कोळसा होऊन मागे उरतो तो जेमतेम पाव भाग. धुमसणाऱ्या शेगडीत या वायूंचा मोठा हिस्सा न जळताच वर जातो. काही धुराड्यात डांबरासारखा चिकटतो, उरलेला गावावर पसरतो. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारींच्या धुरासाठी चिनीमातीच्या जातीची, आरपार भोकांची जाळी तयार केली होती. रॉडनी बॅगली, अर्विन लॅकमन आणि रोनाल्ड लुइस या तिघांचे ते काम. दशक संपता संपता हीच कल्पना मोठ्या भोकांच्या रूपात शेगडीत आली.

पुढचे काम कायद्याने केले. ओरेगन राज्याने १९८३ मध्ये कायदा करून १९८६ पासून शेगड्यांच्या धुरावर मर्यादा घातली. १९८८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने देशभराचे नियम काढले. १९९० च्या दुसऱ्या टप्प्यात कॅटॅलिटिक शेगडीला तासाला ४.१ ग्रॅम आणि साध्या शेगडीला ७.५ ग्रॅम सूक्ष्म कणांची मुभा होती. २०१५ मध्ये दोन्हींसाठी मर्यादा ४.५ ग्रॅम झाली आणि मे २०२० पासून २ ग्रॅम. चाचणी घरात जाळतात तशा फाडलेल्या लाकडावर केली असेल तर २.५ ग्रॅम. नियमापूर्वीच्या जुन्या शेगड्या तासाला १५ ते ३० ग्रॅम सोडत.

तासाचे ग्रॅम वाचून काही बोध होत नाही, म्हणून हंगामाचा हिशेब करू. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत १८० दिवस धरले आणि रोज १२ तास शेगडी पेटती ठेवली, तर २,१६० तास होतात. तासाला २५ ग्रॅम सोडणारी जुनी शेगडी एवढ्या वेळात ५४ किलो कण बाहेर टाकते. साडेसात ग्रॅमची १६ किलो. दोन ग्रॅमची ४.३ किलो. एका घराचा, एका हिवाळ्याचा फरक हा असा पन्नास किलोंचा आहे, आणि हे कण शेजारच्या घरातल्या लहान मुलाच्या फुप्फुसात जातात. मोंटाना राज्यात लिबी हे डोंगरांनी वेढलेले छोटे गाव आहे. तिथे २००५ ते २००७ या काळात अकराशेहून अधिक जुन्या शेगड्या बदलल्या गेल्या आणि हिवाळ्यातल्या हवेतले सूक्ष्म कण सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

मात्र दोन ग्रॅमचा आकडा प्रयोगशाळेतल्या नव्या कोऱ्या जाळीचा असतो. घरातल्या जाळीचा आकडा तिच्या मालकाच्या हातात असतो.

आता जाळीचे माप पाहू, कारण साफसफाईचे मर्म तिथे आहे. मोटारीच्या कन्व्हर्टरमध्ये एका चौरस इंचात चारशेच्या आसपास भोके असतात. शेगडीच्या कंबस्टरमध्ये तेवढ्याच जागेत बहुधा १६ किंवा २५. लाकडाच्या धुरात राख आणि काजळी असते, म्हणून भोके मुद्दाम मोठी ठेवलेली असतात. १६ भोकांच्या जाळीत एका भोकाच्या मध्यापासून शेजारच्या भोकाच्या मध्यापर्यंत ६.३५ मि.मी. अंतर येते, मधल्या भिंतीची जाडी सुमारे एक मिलिमीटर धरली, तर भोक उरते ५.३ मि.मी. चौरस. सहा इंच व्यासाच्या गोल कंबस्टरमध्ये अशी साडेचारशेच्या आसपास भोके बसतात. जाळी तीन इंच खोल असेल तर आतल्या सगळ्या भिंतींचे मिळून क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरच्या जवळ जाते, म्हणजे जाळीच्या तोंडाच्या चाळीसपट. शिवाय या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा सच्छिद्र लेप असतो. त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचे क्षेत्रफळ शंभर चौरस मीटरच्या वर असते. पॅलेडियम-प्लॅटिनमचे कण बसलेले असतात ते या छिद्रांत.

अशा भोकाच्या चारही भिंतींवर फक्त एक मिलिमीटर राख बसली, तर ५.३ मि.मी.चे भोक ३.३ मि.मी.चे होते. उघडी जागा ३९ टक्क्यांवर येते. खरी अडचण याच्याही पुढे आहे. अरुंद नळीतून संथ जाणाऱ्या वायूचा प्रवाह, ओढ तेवढीच असेल तर, नळीच्या मापाच्या चौथ्या घाताने कमी होतो. ३.३ भागिले ५.३ याचा चौथा घात ०.१५. म्हणजे उघडी जागा चाळीस टक्के दिसत असली, तरी वाहून नेण्याची ताकद मूळच्या सातव्या भागाइतकीच राहिली. चौरस इंचाला २५ भोके असलेल्या जाळीत तेवढीच राख त्याहून जास्त नुकसान करते.

आणि हा धूर वर ओढणारे बळ असते तरी किती? धुराड्याची ओढ साधारण १२ ते २५ पास्कल असते. वातावरणाचा दाब १,०१,३२५ पास्कल. त्याच्या आठ हजाराव्या ते चार हजाराव्या भागाइतक्या ओढीवर सगळी शेगडी चालते. इतक्या नाजूक ओढीपुढे एक मिलिमीटर राख हा मोठा अडथळा आहे, आणि म्हणून तुंबलेल्या जाळीची शेगडी दार उघडताच धूर घरात सोडते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो. अशा घरात त्याची सूचना देणारा अलार्म चालू स्थितीत नसेल, तर बाकी सगळे थांबवून आधी तो बसवावा.

जळालेले तास मोजणे सर्वांत सोपे, आणि फारसे कुणी मोजत नाही. कंबस्टरचे आयुष्य उत्पादक साधारण १०,००० ते १४,००० तास सांगतात. लोक ‘सहा वर्षे’ एवढेच लक्षात ठेवतात. १२,००० तास धरले, तर रोज १२ तास पेटवणाऱ्या घरात ती जाळी साडेपाच हंगाम चालेल. रात्रंदिवस पेटवणाऱ्या घरात हंगामाला ४,३२० तास होतात. तिथे तिसरा हंगाम संपायच्या आत तिचे वय झालेले असते. फक्त शनिवार-रविवारी शेगडी लावणाऱ्याचे हंगामाला सव्वासहाशे तासही भरत नाहीत. त्याच्या जाळीने दहाव्या वर्षी कुरकुर केली तर ती म्हातारी झाली असे समजायचे कारण नाही, तिच्यावर काहीतरी बसले आहे किंवा काहीतरी चुकीचे जाळले गेले आहे. शेगडीजवळ एक वही ठेवून दिवसाचे अंदाजे तास लिहिले, तरी हा प्रश्न निकालात निघतो.

दुसरा आकडा तापमापकाचा. बहुतेक कॅटॅलिटिक शेगड्यांना जाळीजवळ टोचणारा तापमापक असतो आणि अमेरिकेत तो फॅरनहाइट दाखवतो. ५०० ते ७०० फॅरनहाइट, म्हणजे २६० ते ३७० सेल्सिअस, एवढे तापल्याशिवाय बायपासची, म्हणजे धूर जाळी टाळून थेट धुराड्यात सोडणारी, झडप बंद करायची नाही. गार शेगडी पेटवल्यावर मध्यम ते मोठा जाळ सुमारे २० मिनिटे ठेवावा. निखाऱ्यांवर नवे लाकूड टाकल्यावर सुमारे १० मिनिटे. झडप लावल्यावर चांगली जाळी ५०० च्या वर राहते आणि पुष्कळदा १,००० फॅरनहाइट ओलांडते. सतत १,६०० च्या, म्हणजे ८७० सेल्सिअसच्या वर जाऊ लागली तर हवा कमी करावी. १,८०० च्या आसपास लेपातले धातूचे बारीक कण वितळल्यासारखे एकमेकांना चिकटून मोठे होतात, त्यांचा पृष्ठभाग घटतो, आणि हे नुकसान कोणत्याही धुण्याने भरून निघत नाही.

निदान करायचे ते हे दोन आकडे आणि धुराड्याचे तोंड यांच्यावरून. झडप उघडी असताना जाळ छान, झडप लावली की शेगडी घुसमटते: जाळी तुंबली आहे. झडप लावल्यावरही ओढ चांगली, पण अर्धा तास झाला तरी काटा ५०० च्या खाली आणि वर धूर तसाच: लेपावर काहीतरी बसले आहे किंवा लेप निकामी झाला आहे. काटा हळूहळू चढतो, वर पांढरे लोट दिसतात पण तोंडापासून थोड्या अंतरावर विरून जातात: ती वाफ आहे, लाकूड ओले आहे. धूर निळसर-करडा असतो आणि लांबवर रेंगाळतो, वाफ विरते. काटा अजिबात हलत नसेल आणि वर धूरही दिसत नसेल, तर जाळी ठीक आहे, तापमापक बिघडला आहे. कसोटी म्हणून एकदा झडप उघडी ठेवून बाहेर जाऊन धूर पाहावा, मग झडप लावून थोड्या वेळाने परत पाहावा. दोन्ही वेळी धूर सारखाच दिसला, तर जाळी काम करत नाही.

आता प्रत्यक्ष साफसफाई. हंगामात दोन-तीनदा जाळी नुसती पाहावी आणि एप्रिलमध्ये शेगडी बंद केल्यावर एकदा नीट काढून साफ करावी. शरद ऋतूपर्यंत थांबू नये, कारण उन्हाळ्यातली दमट हवा राखेत मुरते आणि भुरभुरीत राख घट्ट होऊन बसते.

शेगडी पूर्ण गार हवी. राखेच्या पोटात निखारा दिवसभराहूनही जास्त टिकतो, त्यामुळे वरून हात लावून गार वाटली एवढ्यावर विसंबू नये. काढलेली राख झाकण असलेल्या धातूच्या डब्यात, घराबाहेर, लाकडी ओट्यापासून दूर ठेवावी. नाकातोंडावर एन-९५ मास्क असावा. राखेसाठी तर हवाच, पण जाळीभोवती गुंडाळलेली तंतूंची पट्टी जुनी झाली की तिचा चुरा श्वासात जाणे फार वाईट. जाळी बाहेर काढताना ती दोन्ही हातांनी खालून धरायची. वापरलेला चिनीमातीचा कंबस्टर ठिसूळ झालेला असतो आणि टेबलावर जरा जोरात टेकवला तरी कोपरा जातो.

मग जाळी खिडकीकडे धरून आरपार पाहावे. चांगल्या जाळीतून उजेडाच्या चौकटी स्वच्छ दिसतात. तुंबलेल्या जाळीत कडेच्या भोकांना पांढुरकी, कापसासारखी हलकी राख लोंबत असते आणि मधली काही भोके पूर्ण मिटलेली असतात. जाळीचा रंग जागोजागी वेगळा असेल तर त्याचे वाईट वाटून घेऊ नये. केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तरी तुकडे जागच्या जागी असतील तर ती जाळी काम करत राहते. लेपाचे पापुद्रे सुटलेले दिसले किंवा तुकडाच पडून आरपार खिंडार झाले असेल, तर मात्र साफसफाईत वेळ घालवू नये.

बसलेले काय आहे, ते रंगावरून ठरते. काळे असेल तर ती काजळी किंवा कीट आहे. ते खरवडायचे नाही. जाळी परत बसवून, कोरड्या लाकडाचा चांगला जाळ करून, तासभर १,००० फॅरनहाइटच्या आसपास ठेवली की काळे जळून जाते. जाळी काळी पडली याचा अर्थच ती पुरेशी तापत नव्हती. पांढरे किंवा करडे असेल तर ती राख आहे. राख आधीच जळालेली असते, ती आणखी जळत नाही, झटकावीच लागते. त्यासाठी रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश पुरतो. दोन्ही तोंडांवरून हलक्या हाताने फिरवायचा, आणि राख ओढणाऱ्या व्हॅक्यूमची नळी जाळीला न टेकवता बोटभर अंतरावर धरायची. तारेचा ब्रश नको, स्क्रू-ड्रायव्हर नको, आणि कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. कॉम्प्रेसरने भोके चटकन मोकळी होतात हे खरे, पण ती हवा राखेबरोबर लेपही उडवते. बुजलेल्या भोकात मऊ, केसाळ पाइप-क्लीनर भोकाला समांतर धरून एकदाच सरळ आरपार न्यायला हरकत नाही, घासायचे नाही.

झटकून भोके मोकळी झाली, ओढ परत आली, पण काटा अजून चढत नाही, अशी वेळ आली तर व्हिनेगरची धुलाई करावी. राखेत कॅल्शियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ज्या राखेने भांडी घासली, तिचा तेलकटपणा काढण्याचा गुण याच क्षारांचा. हे क्षार लेपाच्या सूक्ष्म छिद्रांवर पातळ थर धरतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण धूर धातूच्या कणांपर्यंत पोचत नाही. सौम्य आम्लात ते विरघळतात.

प्रमाण असे: पांढरे साधे व्हिनेगर अर्धे, डिस्टिल्ड वॉटर अर्धे. बाजारातले व्हिनेगर ५ टक्के आम्लाचे असते, म्हणजे मिश्रण अडीच टक्क्यांचे झाले. स्टेनलेस स्टीलच्या मोठ्या पातेल्यात जाळी पूर्ण बुडेल एवढे घ्यावे, मंद उकळीवर ३० मिनिटे ठेवावी. खदखदा उकळू देऊ नये, जाळी पातेल्यावर आपटते. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये १५ मिनिटांची मंद उकळी, पाणी बदलून आणखी १५ मिनिटे. नळाचे पाणी वापरले तर त्यातले कॅल्शियम आणि क्लोरीन नव्याने लेपावर बसतात, म्हणजे जे काढायला निघालो तेच परत घातले. साबण तर नकोच. शेवटी ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसला तासभर वाळवावी. ही पायरी गाळून ओली जाळी थेट जाळावर बसवली, तर छिद्रांत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि जाळी तडकते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. वास दिवसभर रेंगाळतो. शेगडीच्या पुस्तिकेत व्हिनेगरला मनाई असेल तर ती पाळावी, कारण पोलादी पत्र्याच्या जाळ्या आणि नवे लेप यांच्या रीती वेगळ्या असू शकतात.

परत बसवताना भोवतीची पट्टी नवीच घालावी. ही पट्टी तापल्यावर फुगते आणि जाळी व चौकट यांमधली फट भरून काढते. एकदा फुगलेली पट्टी दुसऱ्यांदा तशी फुगत नाही. पट्टीला काही डॉलर पडतात, पण तिचा आकडा मोठा आहे. समजा न जाळलेला धूर तासाला २० ग्रॅम कणांचा आहे आणि जाळी त्यातले ९० टक्के जाळते. बाहेर पडतात २ ग्रॅम. आता दहा टक्के धूर जाळीच्या कडेने निसटू लागला. निसटलेले २ ग्रॅम अधिक जाळीतून गेलेल्या १८ ग्रॅममधले उरलेले १.८, एकूण ३.८. जाळी पहिल्यासारखीच उत्तम असूनही प्रदूषण जवळजवळ दुप्पट. बायपासची झडप नीट बसत नसेल, तिच्या कडेला राखेचा खडा अडकला असेल, तरी हाच हिशेब लागू होतो. म्हणून जाळी साफ करताना झडपेची कड बोटाने चाचपून पाहावी, आणि दाराच्या पट्टीत कागदाची नोट अडकवून ओढून पाहावी. सहज सुटली तर तीही पट्टी बदलायला झाली.

काही गोष्टींनी होणारे नुकसान मात्र धुण्याने जात नाही. शिसे, जस्त, गंधक, फॉस्फरस आणि सिलिकॉन हे त्या धातूंचे शत्रू आहेत. रंगवलेली फळी, रसायन पाजलेले लाकूड, रंगीत छपाईचे कागद, प्लॅस्टिक, दगडी कोळसा, समुद्रकाठी वाहून आलेले खारे लाकूड, यांतले काहीही शेगडीत जाऊ नये. धुराडे साफ करणाऱ्या पुड्याही कॅटॅलिटिक शेगडीत टाकण्याआधी पुस्तिका वाचावी. माझ्या ओळखीतल्या एका घरात नूतनीकरणातली जुनी रंगीत चौकट कापून हिवाळाभर जाळली गेली आणि तिसऱ्याच हंगामातली जाळी कायमची थंड पडली. घरमालक भला माणूस, त्याला कुणी सांगितलेच नव्हते. शेगडी विकताना दुकानदाराने हा एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा असे मला फार वाटते.

लाकडातल्या ओलीचा आकडा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण जाळीला चिकटणारे बरेचसे काळे आणि तिला तडकवणारे धक्के ओल्या लाकडातून येतात. ओल मोजायचे यंत्र वीस-तीस डॉलरला मिळते. ओंडका तिथल्या तिथे फाडून, ताज्या फाकीवर, तंतूंच्या दिशेने टोके टोचायची. बाहेरच्या सालीवर टोचून आलेला आकडा दिलासा देतो, खरे सांगत नाही. यंत्र कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत आकडा देते. यंत्रावर २० आले म्हणजे १०० भाग लाकडाला २० भाग पाणी, एकूण वजनाच्या १६.७ टक्के. यंत्रावर ४० आले तर २८.६ टक्के.

शेगडीत १० किलो लाकूड भरले तर पहिल्या बाबतीत त्यात १.७ किलो पाणी आहे, दुसऱ्यात २.९ किलो. जास्तीचे १.२ किलो पाणी तापवून वाफ करायला सुमारे ३.१ मेगाज्यूल जातात, म्हणजे ०.८६ युनिट वीज. वाया गेलेल्या उष्णतेपेक्षाही मोठी गोष्ट वेळेची आहे. ही उष्णता नेमकी पहिल्या तासात, जाळी पेटायला हवी त्याच वेळी खर्च होते. काटा ५०० ला पोचत नाही, माणूस कंटाळून झडप लावतो, अर्धवट तापलेल्या जाळीवर धूर आणि वाफ आदळते, काजळी बसते. तापलेल्या जाळीवर ओल्या लाकडाची वाफ आली तर उलटा धोका, तडा जाण्याचा. ओकच्या ताज्या लाकडात कोरड्या वजनाच्या ७०-८० टक्के पाणी असते आणि त्याला फाडून, वरून झाकून, बाजूने वारा लागेल असे रचून दोन उन्हाळे द्यावे लागतात. बर्चला एक उन्हाळा पुरतो. ज्याच्या परसात दोन वर्षांपूर्वी फाडलेले लाकूड रचलेले आहे, त्याला व्हिनेगरची गरज क्वचितच पडते.

जाळी संपली असे सगळे आकडे सांगू लागले, तास भरलेत, झटकून-धुऊन झाले, लाकूड कोरडे, पट्टी नवी, तरी काटा ५०० च्या खाली, तर नवी घ्यावी आणि उशीर करू नये. जुनी काढून तशीच शेगडी चालवणे हा तर अमेरिकेत केंद्रीय नियमाचा भंग आहे. प्रमाणित शेगडीच्या पुस्तिकेत तसे लिहावे लागते. शिवाय त्या शेगडीची रचनाच जाळी गृहीत धरून केलेली असते, त्यामुळे जाळीविना ती साध्या प्रमाणित शेगडीपेक्षाही घाण जळते.

खर्चाचा हिशेबही नव्या जाळीच्याच बाजूने आहे. ३०० डॉलरची जाळी १२,००० तास चालली तर तासाला अडीच सेंट पडतात. पर्यावरण संस्था कार्यक्षमतेचे सर्वसाधारण आकडे धरत आली ते कॅटॅलिटिक शेगडीला ७२ टक्के, साध्या प्रमाणित शेगडीला ६३ टक्के. तेवढीच उष्णता मिळवायला साध्या शेगडीत चार कॉर्ड लाकूड लागत असेल, तर कॅटॅलिटिकमध्ये साडेतीन. एक कॉर्ड म्हणजे १२८ घनफूट रचलेले लाकूड, आमच्या भागात ३०० ते ४०० डॉलरला. अर्धा कॉर्ड वाचला की हंगामाला दीडशे ते दोनशे डॉलर राहतात, आणि दुसऱ्या हिवाळ्याअखेर जाळीचे पैसे सुटतात. मेलेली जाळी ठेवून हे साडेतीनचे चार होतात, वर धुराड्यात कीट साठते. ते तीन मिलिमीटर झाले की धुराडे साफ करायलाच हवे, नाहीतर आग.

नवी जाळी उन्हाळ्यातच मागवावी. जुनीचे माप घेताना फक्त जाळीचे घ्यावे, फुगलेल्या पट्टीसकट नाही, आणि चौरस इंचातली भोके मोजून तीच मागवावीत. १६ च्या जागी २५ ची घातली तर कमी ओढीच्या धुराड्यात शेगडी पहिल्या दिवसापासून घुसमटते. नवा लेप सुरुवातीचे काही आठवडे फार तडफेने काम करतो आणि काटा झपाट्याने वर जातो. त्या दिवसांत शेगडी गच्च भरू नये, हवा मध्यम ठेवावी, आणि वहीच्या नव्या पानावर पहिल्या रात्रीचे तास आणि तापमान लिहून ठेवावे. पुढच्या सगळ्या हिवाळ्यांत तुलना याच आकड्यांशी करायची आहे.